माझे असेसर एकेक करून सोडून चाललेत, काय करू?

पत्र असं आलंय:

"ताई, मी ऑकलंडमध्ये एका रिक्रिएशन सेंटरला ट्रेनिंग कोऑर्डिनेटर आहे. आमच्याकडे दोन पूल, एक जिम, मुलांचे हॉलिडे प्रोग्राम आणि थोडंफार कयाकिंग-अ‍ॅबसेलिंग (दोरावरून कडा उतरणं) असं सगळं चालतं. लाइफगार्ड, जिम इन्स्ट्रक्टर वगैरे पोरं काम करता करताच क्वालिफिकेशन घेतात आणि त्यांचं असेसमेंट आमचेच सीनियर लोक करतात, वर्कप्लेस असेसर म्हणून. मागच्या वर्षी पाच जण होते, आता तीन उरलेत. एक म्हणाली रोज रात्री घरी बसून वर्कबुकं तपासायला मला जमणार नाही, दुसऱ्याने कारणच दिलं नाही. उरलेल्यातले दोघे सगळ्यांना सरसकट पास करतात, मॉडरेशनमधून, म्हणजे असेसमेंट नीट झालंय का ते बाहेरून तपासतात त्यातून, आमची वर्कबुकं 'पुरावा अपुरा' म्हणून परत आली. तिसरा आपला मराठी मुलगा, तेवीस वर्षांचा, कामाला चोख. पण त्याच्या एका ट्रेनीची आई आमच्या मंडळातली आहे, तिने त्याला गणपतीत गाठून सांगितलं की जरा सांभाळून घे रे, घरचाच आहे. तेव्हापासून तो गप्पच आहे. मॅनेजर म्हणतो रिमाइंडर पाठव. मी पाठवते, काही होत नाही. या लोकांना मदत करायची म्हणजे मी नक्की काय करायचं?"

अगं, आधी ते रिमाइंडर बंद कर. (ताई म्हटलंयस म्हणून मी अगंतुगं करतेय, चालेल ना.)

खरं सांगू का, तुझं पत्र वाचून मला हसूही आलं आणि रागही आला, राग तुझ्यावर नाही. मी इथे पूलवर काम केलंय, मग असेसर होते, नंतर दुसऱ्यांची वर्कबुकं मॉडरेट करायचे, आणि सगळीकडे हीच गोष्ट. सेंटरमधला सगळ्यात चांगला लाइफगार्ड शोधायचा, त्याला ४०९८ करायला लावायचं, म्हणजे तेच ते, स्टँडर्ड (एखाद्या कामात काय काय यायला हवं याचं ठरलेलं माप) वापरून उमेदवाराची कामगिरी कशी तपासायची ते युनिट, ते झालं की सर्टिफिकेट फाइलला लावायचं, आणि मग त्याच्याकडे वर्कबुकांचा गठ्ठा सरकवून सगळे मोकळे. पुढे त्या माणसाचं काय होतं हे कुणी विचारत नाही. तुझी जी बाई सोडून गेली ना, तिने तुला कारण अगदी स्पष्ट सांगितलंय, रात्री घरी बसून. म्हणजे ते काम तिच्या रोस्टरवर नव्हतंच, दिवसा ती शिफ्ट करत होती आणि असेसमेंट फुकटात करत होती.

तर पहिली गोष्ट रोस्टर. आणि हे मी फक्त न्यायाचं आहे म्हणून सांगत नाहीये, हा सेफ्टीचा मुद्दा आहे आणि मॅनेजरला पटवायला तोच कामाला येतो. तुमच्याकडे आता बहुतेक असं चालत असेल की असेसर ड्युटीवर आहे, त्याचा झोन त्याला दिलेला आहे, आणि त्याच वेळी शेजारच्या झोनमधल्या ट्रेनीवर लक्ष ठेवून त्याने मनात टिकमार्क करायचे. हे होऊच शकत नाही. ज्याच्या हातात रेस्क्यू ट्यूब आहे त्याने पाण्याकडे बघायचं असतं, ट्रेनीकडे नाही. ट्रेनीकडे नीट बघितलं तर पाण्याकडे दुर्लक्ष, पाण्याकडे बघितलं तर असेसमेंट खोटं. पंगतीत वाढणारा आणि जेवायला बसलेला एकच माणूस कसा असेल! त्यामुळे ज्या दिवशी असेसमेंट आहे त्या दिवशी तो तासभर असेसर लाइफगार्डच्या मोजणीत धरायचाच नाही, रोस्टरवर त्याचं नाव वेगळ्या रंगात टाकायचं आणि पाण्यावर त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करायचा. मॅनेजर म्हणेल पैसे कुठून आणू. त्याला सांग की २०१५ चा हेल्थ अँड सेफ्टी अ‍ॅट वर्क कायदा ट्रेनिंग आणि देखरेखीची जबाबदारी धंदा चालवणाऱ्यावर टाकतो, आणि ज्याला आपण तयार म्हणून पाण्यावर एकटा उभा केला तो तयार आहे हे कशावरून ठरवलं असं उद्या कुणी विचारलं तर रात्री अकराला सोफ्यावर बसून भरलेला फॉर्म आपण दाखवणार आहोत का.

हे जरा भीती घालणारं वाटेल, पण या देशात याची आठवण ताजी ठेवावी असं मला वाटतं. २००८ च्या एप्रिलमध्ये टोंगारिरोजवळच्या मांगाटेपोपो दरीत ऑकलंडच्याच एका शाळेची सहा मुलं आणि त्यांचे शिक्षक अचानक चढलेल्या पाण्यात बुडून गेले, आउटडोअर सेंटरची ट्रिप होती ती. चौकशीत हवामानाच्या माहितीपासून बरंच काही निघालं आणि त्यात इन्स्ट्रक्टरच्या अनुभवाचा मुद्दाही होता. त्या काळातल्या अशा अपघातांनंतर सरकारने अख्ख्या अ‍ॅडव्हेंचर क्षेत्राचा आढावा घेतला आणि २०११ मध्ये नियम आणले, तेव्हापासून अशा ऑपरेटरना सेफ्टी ऑडिट करून रजिस्टर व्हावं लागतं. तुमचं कयाकिंग-अ‍ॅबसेलिंग त्यात कितपत येतं ते तुला माहीत असेलच. माझं म्हणणं एवढंच की 'हा माणूस आता एकट्याने ग्रुप नेऊ शकतो' ही सही मोठी असते, आणि ती आपण तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरांकडून घेतो, ती पण त्यांच्या फावल्या वेळात.

आता त्या 'पुरावा अपुरा'कडे येऊ, कारण तुझे दोघं सगळ्यांना पास करतात याचा आणि त्याचा संबंध आहे. मला नाही वाटत ते आळशी आहेत. काय होतं माहितीये का, ट्रेनी तीन महिने काम करतो, असेसर त्याला रोज बघत असतो, मनात पक्कं ठरलेलं असतं की पोरगा चांगला आहे, आणि मग शेवटी एकदम सगळं वर्कबुक समोर येतं आणि प्रत्येक रकान्यात काहीतरी लिहायचं असतं. तेव्हा कुठे आठवणार की अमुक दिवशी त्याने नक्की काय केलं? मग सगळीकडे 'गुड जॉब', 'डन वेल', 'कॉन्फिडंट विथ कस्टमर्स'. मी मॉडरेट करायचे तेव्हा अशी पानंच्या पानं यायची, आणि असेसरला फोन केला की तोच माणूस दहा मिनिटं तोंडी इतकं बारीक सांगायचा की मला वाटायचं हे लिहिलं का नाहीस बाबा.

उपाय हा की लिहिणं शेवटी ठेवायचं नाही, घडतं तेव्हाच टिपायचं, आणि थोडंच टिपायचं. समज तुझा असेसर शनिवारी सकाळी मौजमजेच्या (लेझर) पूलला उभा आहे, रोस्टरमधून मोकळा, आणि त्याने फोनवर हे टाइप केलं: "साडेदहा, गर्दी मध्यम. उथळ बाजूला सहाएक वर्षांची मुलगी एकटी, वडील बाकावर मोबाइलमध्ये. ट्रेनीने आधी दुसऱ्या गार्डला झोन घ्यायची खूण केली, मुलीला काठाशी आणलं, मग वडिलांना आठ वर्षांखालच्या मुलांचा नियम सांगितला. वडील चिडले. आवाज न चढवता परत तेच सांगितलं. वडील पाण्यात उतरले. नंतर नोंद केली नाही, विचारल्यावर म्हणाली की अशी नोंद करायची असते हे माहीत नव्हतं." बस. या एका नोंदीतून पूलसेफचा (पूलसाठीच्या सुरक्षा योजनेचा) तो लहान मुलांचा नियम तिला माहीत आहे का, लोकांशी बोलता येतं का, झोन सोडताना काय करायचं कळतं का, हे सगळं निघतं, एकापेक्षा जास्त युनिट स्टँडर्डला ती लावता येते, आणि काय राहिलंय तेही शेवटच्या ओळीत आलंय. कुठल्या रकान्यात काय बसतं हे तुम्ही दोघांनी मिळून नंतर बसवायचं, तो हिशेब तू कर हवं तर, तुझा हात त्यात बसलेला असणार. असेसरने बघायचं आणि टिपायचं.

आणि लिहायचंच कशाला, बोलून रेकॉर्ड करू दे की. ऑकलंडच्या कुठल्याही पूलवर बघ, सामोअन, टोंगन, पंजाबी, फिलिपिनो, आपले, सगळे. पाण्यात अडचणीत आलेलं माणूस अचूक ओळखणारा गार्ड इंग्रजीत परिच्छेद लिहायची वेळ आली की आखडतो, आणि मग त्याचं असेसमेंट कच्चं दिसतं जे मुळात कच्चं नसतं. दोन मिनिटांची व्हॉइस नोट, तारीख, वेळ, ट्रेनीचं नाव, काय दिसलं. तुमचा ट्रेनिंग प्रोव्हायडर कुठल्या स्वरूपात पुरावा घेतो ते आधी विचारून घे. व्हिडिओबद्दल मात्र मी फार उत्साही नाही. पूलवर पोहण्याच्या कपड्यातली लोकांची मुलं असतात, २०२० चा प्रायव्हसी कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कुणाच्या तरी मुलीचा व्हिडिओ असेसरच्या पर्सनल फोनमध्ये राहणं मला स्वतःला पटत नाही. जिममधल्या सेशनचा व्हिडिओ क्लायंटला विचारून घेता येतो, अ‍ॅबसेलच्या गाठींचे फोटो तर खुशाल घ्या.

काही गोष्टी अशा घडायची वाट बघता येत नाही हे ओघाने आलंच, कुणी बुडायची वाट बघत बसणार का आपण. रेस्क्यू, मानेला मार लागलेला माणूस बाहेर काढणं, हे सिम्युलेशनच लागतं, त्यासाठी पूल उघडायच्या आधीचा वेळ ठरवून ठेव आणि तिन्ही असेसर त्या दिवशी एकत्र आण. त्याचं कारण पुढे येतंय.

आता मुख्य गोष्ट, जी तुझ्या पत्रात कुठेच सरळ लिहिलेली नाही पण मला सगळीकडे दिसतेय. तुझ्या लोकांना 'नाही' म्हणता येत नाहीये.

बघ ना, कॉलेजमधला परीक्षक परीक्षा घेतो आणि निघून जातो. तुझा असेसर ज्याला 'अजून तयार नाहीस' म्हणणार त्याच्याबरोबर उद्या सकाळी साडेपाचला पूल उघडणार आहे, त्याच्या गाडीतून घरी जाणार आहे, शिफ्ट बदलून हवी असली तर त्यालाच विचारणार आहे. कधी ट्रेनी वयाने दुप्पट असतो, त्या सेंटरला वर्षानुवर्षं काम करून आता कागद हवा म्हणून आलेला. अशा वेळी टिक करून टाकणं फार सोपं असतं आणि मी त्यांना दोष देणार नाही. आउटडोअर इन्स्ट्रक्टरांच्या संघटनेची, एनझोइयाची असेसमेंट बघितली असशील तर तिथे बाहेरचे असेसर येतात, आपला रोजचा टीम लीडर नसतो, त्यामुळे तिथे नाही म्हणणं थोडं सोपं जातं. वर्कप्लेस असेसमेंटची सगळी ताकद यात आहे की असेसर माणसाला रोज बघतो, आणि सगळी अडचणही त्यातच आहे.

म्हणून तुझं खरं काम इथे आहे. तुझ्या असेसरने 'अजून नाही' म्हटलं की त्यानंतरच्या आठवड्यात तू काय करतेस, यावर पुढचं सगळं ठरतं. आमच्याकडे मी एक बघितलंय, असेसरने एका पोराला थांबवलं, आणि दोन दिवसांनी वरचा माणूस खाली येऊन म्हणाला अरे चांगला पोरगा आहे, डिसेंबर आलाय, माणसं लागतात, कर की साइन. झालं. त्या असेसरने त्यानंतर कधीच कुणाला थांबवलं नाही, आणि बाकीच्यांनीही ते बघितलं होतं. तुझा तो कारण न देता गेलेला माणूस, त्याच्या बाबतीत असं काही झालं होतं का ते जरा शोध. त्याला चहाला ने आणि विचार, परत ये म्हणून नाही, नुसतं विचार.

मॅनेजरकडून एक गोष्ट लेखी घे, दोन ओळींचा ईमेल पुरे, की असेसरचा निर्णय रोस्टरच्या गरजेसाठी बदलला जाणार नाही, शंका असेल तर दुसरा असेसर बघेल. आणि असेसरना नाही म्हणायची पद्धत सरावात आण. मी सांगायचे की तीनच गोष्टी बोल: मला काय दिसलं, काय दिसलं नाही, आणि परत कधी बघणार. "झोन सोडताना तू खूण केलीस, ते छान. नोंद केली नाहीस. पुढच्या गुरुवारी मी परत येतो." तारीख देणं सगळ्यात महत्त्वाचं. तारीख दिली की ट्रेनीला वाटतं आपलं काम चालू आहे, नाही दिली की वाटतं आपल्याला काढून टाकलं. आपल्या इथल्या पद्धतीत नापासाचा शिक्का मारायचा नसतोच, परत संधी देता येते, मग ती देऊया ना मोकळेपणाने. एकदा स्टाफरूममध्ये बसून हे एकमेकांवर करून बघा, हसतील आधी, हसू दे.

मॉडरेशनचं सांगते. रिपोर्ट आला की तू तो तसाच फॉरवर्ड केला असशील, वर 'प्लीज नोट' लिहून. मी पण कोऑर्डिनेटर असते तर तेच केलं असतं कारण वेळ कुणाला आहे. पण असेसरच्या बाजूने बघ, पाच पानी पीडीएफ, त्यात त्याच्या नावासमोर अपुरा, अपुरा, अपुरा, आणि ते कुणी लिहिलं तेही माहीत नाही. तो रिपोर्ट घेऊन शेजारी बस आणि एकच वर्कबुक उघड, सगळी नाही. आणि बाहेरच्या मॉडरेशनची वाट न बघता घरचं सुरू कर: महिन्यातून एकदा तिन्ही असेसर, एक वर्कबुक, नाव झाकलेलं, आधी प्रत्येकाने गुपचूप आपला निर्णय कागदावर लिहायचा आणि मगच बोलायचं. आधी बोलायला लागले ना की जो सीनियर आहे त्याच्या मागे सगळे जातात. मतं वेगळी निघाली तर तुला आनंद व्हायला हवा, कारण तेव्हाच कळतं की 'कॉन्फिडंट' म्हणजे एकाच्या डोक्यात मोठ्याने शिट्टी वाजवणं आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यात शांत उभं राहणं. सिम्युलेशनच्या दिवशी तिघांना एकत्र बोलाव म्हणाले ते याचसाठी, एकच रेस्क्यू तिघांनी बघायची, तिघांनी वेगळी लिहायची. फक्त हे जानेवारीत काढू नकोस. शाळांना सुट्टी, पूल तुडुंब, हॉलिडे प्रोग्राम जोरात, तेव्हा कुणी तुझ्याकडे ढुंकून बघणार नाही. दोन टर्मच्या मधल्या सुट्ट्याही टाळ. टर्म सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की सेंटर जरा श्वास घेतं, तेव्हा धर त्यांना.

एक बाजूचा मुद्दा, पण तुला उपयोगी पडेल. मागच्या काही वर्षांत या क्षेत्रात वरच्या पाट्या किती बदलल्यात बघ. आधी स्किल्स अ‍ॅक्टिव्ह होतं, २०२० च्या सुधारणेनंतर इंडस्ट्री ट्रेनिंग संस्थांचं काम वाटून टाकलं, २०२१ मध्ये वर्कफोर्स डेव्हलपमेंट कौन्सिल आली, आपल्या रिक्रिएशनला तोई माई, ट्रेनिंगच्या बाजूला ते माही आको, मग सरकार बदललं आणि २०२५ संपताना ती कौन्सिलही बंद, नवी इंडस्ट्री स्किल्स बोर्डं आली. प्रत्येक वेळी नवा लोगो, नवं पोर्टल, नवा पासवर्ड, आणि वर्कबुकाचा टेम्प्लेट बदलला म्हणून ईमेल. पूलच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला याच्याशी काय करायचंय? हे सगळं तुझ्यापाशी थांबू दे. त्याच्यापर्यंत फक्त एवढं जावं की या युनिटची नवी आवृत्ती आली, यात हे एक बदललं, या तारखेपासून. बाकी तू गाळून टाक. मला विचारशील तर कोऑर्डिनेटरचा अर्धा पगार या गाळण्यासाठीच असतो.

आणि एक, सगळ्यांनाच असेसर करू नका. काही माणसं कामात एक नंबर असतात पण दुसऱ्याच्या कामावर निर्णय द्यायला त्यांना मनापासून नको वाटतं. तुझ्या त्या सरसकट पास करणाऱ्या दोघांपैकी एखादा तसा असू शकेल. त्याला मोकळं विचार, आणि नको असेल तर व्हेरिफायर कर, म्हणजे मी हे बघितलं, अमुक दिवशी असं झालं, एवढी साक्ष तो देईल आणि निर्णय दुसरा घेईल. त्यासाठीही वेगळं युनिट आहे, १८२०३. त्यात कमीपणा नाही, उलट तुझ्या बाकीच्या असेसरना डोळे मिळतात, विशेषतः पहाटेच्या शिफ्टला जिथे असेसर कधीच नसतो. आणि ज्याला हे काम खरंच आवडतंय त्याला पुढे ११५५१ करायला पाठव, दुसऱ्यांच्या असेसमेंटची गुणवत्ता तपासायचं. पैशाचं पण बोल गं, बायका म्हणून आपण हे बोलायला लाजतो. असेसर अलाउन्स मिळतो का बघ, नाहीच म्हणाले तर निदान जॉब डिस्क्रिप्शनमध्ये लिहून घे की आठवड्याचे इतके तास असेसमेंट. लिहिलेलं असलं की पुढच्या मॅनेजरला ते सहज पुसता येत नाही.

हॉलिडे प्रोग्रामबद्दल फार नाही सांगत, तिथे मुलं कशी सांभाळतात हे बघायला असेसर दिवसभर लागतो आणि सुट्टीतच लागतो, तेवढं रोस्टरमध्ये आधीपासून धर. जिमचं त्या मानाने सोपं, क्लायंटला आधी विचारायचं की आमचा एक माणूस बाजूला उभा राहील, चालेल का. बहुतेक लोक हो म्हणतात.

आता तुझा मराठी मुलगा. मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटली. तो गप्प का आहे हे आपल्याला दोघींना कळतंय, न कळायला काय झालं. ती बाई वाईट नसणार, परक्या देशात आपला पोरगा नोकरीला लागावा म्हणून धडपडतेय, आणि तिच्या दृष्टीने तिने फक्त शब्द टाकलाय. पण तेवीस वर्षांच्या मुलाला मंडळातल्या काकूंना तोंडावर नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हटलं तर स्वतःच्या कामाची लाज वाटणार. त्याला यातून तो स्वतः बाहेर येईल असं गृहीत धरू नकोस. तूच त्या ट्रेनीचं असेसमेंट त्याच्याकडून काढून घे आणि दुसऱ्याला दे, तुमच्यातला कुणी मोकळा नसेल तर दुसऱ्या सेंटरच्या असेसरशी अदलाबदल कर, तुम्ही त्यांचा एक बघा, ते तुमचा एक बघतील. आणि कारण म्हणून त्याचं नाव अजिबात पुढे करू नकोस. सगळ्यांसाठी नियम कर, की घरचा, नात्यातला, ओळखीचा ट्रेनी असेल तर असेसर बदलायचा, सांगायची जबाबदारी असेसरची, आणि सांगितल्यावर कुणी प्रश्न विचारणार नाही. नियम सगळ्यांना लागू असला की काकूंना सांगायला त्यालाही बरं पडतं, "काकू, आमच्याकडे असं चालतच नाही, मला त्याचं दिलेलंच नाही." एवढं वाक्य त्याला म्हणता येईल. आणि तुझीही त्या मंडळात ऊठबस असणार, काकू आता तुझ्याकडे येतील. तेव्हा चहा घे, मुलाचं कौतुक कर, आणि नाही म्हण.

ट्रेनीलाही मधे विसरू नका, त्या पोराला कदाचित माहीतही नसेल आईने काय केलंय. तो बिचारा नीट काम करत असेल तर नवा असेसर त्याला व्यवस्थित पास करेल आणि त्याच्या सर्टिफिकेटवर कुणी बोट ठेवणार नाही, यात त्याचाच फायदा आहे.

मॅनेजरशी बोलायचं असेल तर उन्हाळ्याचं रोस्टर पक्कं व्हायच्या आधी बोल, नवे लाइफगार्ड नोव्हेंबरमध्ये घ्यायला लागतात आणि एकदा ते आले की तुझं कुणी ऐकणार नाही. जाताना त्या परत आलेल्या वर्कबुकांपैकी एक घेऊन जा, 'गुड जॉब' लिहिलेलं पान उघडून समोर ठेव आणि विचार की यावरून तू तुझ्या मुलाला याच्या भरवशावर पाण्यात सोडशील का. आणि काय म्हणाला ते मला कळव, नाही म्हणाला तरी.